आमची वाटचाल: कासची फुले घरच्या फरशीत

वडिलांनी साताऱ्यात मोझॅकचा कारखाना काढला, तेव्हा नव्या बंगल्यात मोझॅकच पडायची. पुढे गुजरातमधल्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. बसवायला झटपट, पॉलिशची कटकट नाही. गावोगावचे मोझॅकचे कारखाने एकेक करून बंद झाले. आमच्याकडे टाइल दाबायचा प्रेस शाबूत होता, हातात कसब असलेले कारागीर होते. त्यांच्या भरवशावर आम्ही नक्षीच्या सिमेंट टाइल्सकडे वळलो. मुंबईत भारत फ्लोअरिंग्जने १९२२ पासून हे काम केले आहे, म्हणजे वाट नवी नव्हती.

नक्षी मात्र आपल्या मातीतली हवी होती. कास पठार आमच्या दारातच आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात गेले, पण सातारकरांचे पाय त्याआधीपासून पावसाळा सरता सरता तिकडे वळतात. जांभ्यावर मातीचा पातळ थर, म्हणून मोठी झाडे नाहीत. तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे अशी बुटकी फुलेच सगळे पठार व्यापतात. आमच्या टाइलचेही तसेच आहे: खाली वाळू-सिमेंटचा घट्ट थर, वर जेमतेम तीन-चार मिलिमीटर रंग.

फुलाचा फोटो छापलेली टाइल बाजारात ढिगाने मिळते. ती आम्हाला कधीच पटली नाही. शंभर टाइल्सवर एकच फोटो दिसला की डोळा चार दिवसांत कंटाळतो. आम्ही फुलाची रेषा काढतो आणि नको ते गाळतो. पितळी साच्याच्या एकेका कप्प्यात कारागीर पळीने रंग ओततो, साचा अलगद उचलतो, मागून कोरडे सिमेंट भुरभुरतो, मग वाळू-सिमेंट भरून प्रेस. भट्टी नाही, नंतर पाण्यात मुरवायचे आणि सावकाश सुकू द्यायचे. साच्याची पट्टी फार बारीक वळत नाही, त्यामुळे तेरड्याच्या पाकळीचे नेमके वळण कोणते ठेवायचे हे ठरवावेच लागते. मला या कामातला सगळ्यात मोठा आनंद तिथेच मिळतो.

रंगांचेही तसेच. लाल, पिवळा, काळा हे लोहाचे ऑक्साइड. सिमेंटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. जांभ्याचा लाल आणि सोनकीचा पिवळा सहज साधतो. सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा मात्र अवघड. स्वस्त निळा सिमेंटमध्ये फिका पडत जातो, टिकणारा कोबाल्टचा निळा महाग. म्हणून ती नक्षी आम्ही किनारीपुरतीच ठेवली आहे.

एका टाइलवर पाव फूल असते, चार जुळल्या की पूर्ण उमलते. त्यामुळे मिस्त्रींना आधी कोरडी मांडणी करायला सांगतो आणि सांधा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको म्हणतो. पूर्ण हॉल फुलांनी भरू नका, असेही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. मधे साधा रंग, कडेने पट्टी. नाहीतर फक्त पडवी किंवा ओट्यामागची भिंत. तुळस, बेल आणि कमळ आम्ही फक्त भिंतीसाठी करतो. त्यांच्यावर पाय पडावा हे आपल्या घरात कोणालाच रुचत नाही, आम्हालाही नाही.

बिलावर एक सूचना ठळक छापतो: फरशी धुवायला ॲसिड नको. काम संपल्यावर ॲसिड मारायची सवय सगळीकडे आहे, पण सिमेंटची टाइल त्याने कायमची खराब होते. लिंबू, चिंच, कोकम सांडले तर लगेच पुसा. डाग आत मुरू नयेत म्हणून वरून सीलर लावूनच देतो, तरी ही काळजी हवी.

आता टोपली कारवीचा साचा घडतो आहे. काही वर्षांच्या अंतराने एकदाच पठार जांभळे करणारी ही झुडपे गोल टोपलीसारखी वाढतात. तो गोल चार टाइल्समध्ये बसवायचा की नऊमध्ये, यावर कारखान्यात रोज चर्चा होते. माझे मत नऊच्या बाजूने आहे. घराचे काम सुरू असेल तर खोलीची मापे घेऊन या. नमुने ओलेही आणि सुकेही उजेडात दाखवू, कारण ओल्या आणि सुक्या टाइलचा रंग वेगळा दिसतो.