स्टेरॉइडचे बारा आठवडे

पोरगा साडेतीन वर्षांचा होता, एक दिवस सकाळी उठला तर डोळे सुजलेले. डास चावला असेल म्हणून दोन दिवस आम्ही तसेच काढले, मग पाय पण टम्म झाले, लघवीला फेस. रिपोर्टमधे प्रोटीन प्लस फोर. नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणे, म्हणजे किडनीतून प्रोटीन लघवीत गळतं, आणि औषध काय तर प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड. हा शब्द ऐकून सासूबाईंनी त्या रात्री जेवणच सोडलं.

हिशोब असा होता की किलोला 2 मिग्रॅ, रोज सकाळी, सहा आठवडे, मग किलोला दीड मिग्रॅ एक दिवसाआड अजून सहा आठवडे. वजन काट्यावर साडेसोळा भरलं पण त्यात सुजेचं पाणी होतं, म्हणून डॉक्टरांनी आधीचं 15 धरलं, 30 मिग्रॅ. नाश्ता झाल्यावरच द्यायची, रिकाम्या पोटी नाही. रोज सकाळची पहिली लघवी पट्टीने तपासून डायरीत लिहायची. अकराव्या दिवशी निल आलं, म्हणजे लघवीत प्रोटीन नाही, तीन दिवस लागोपाठ निल, सूज गायब, आणि आमचे हे म्हणाले आता बंद करूया ना, कशाला उगाच पोटात घालायचं. खरं सांगू, मला पण तेच वाटत होतं. फोन केला तर डॉक्टर चिडलेच. म्हणाले, सूज उतरली म्हणून कोर्स सोडला तर आजार लवकर उलटू शकतो, आणि इतके दिवस बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, एकदम थांबवलं तर मूल गळून जाईल, बीपी पडेल. मनाने गोळी कमी-जास्त करायची नाही म्हणजे नाही.

नंतरचे दिवस खरे कठीण. पहाटे चारला उठून "आई पोळी दे". गाल असे फुगले की राजवाड्यावर भेटलेल्या मावशी म्हणे, अगं किती छान बाळसं धरलंय! चिडचिड, हट्ट, आणि मीठ कमी करायचं, म्हणजे इंदूरमधे पोह्यांवर शेव नाही!! तो ताटलीकडे बघून रडायचा, मग आम्हीच शेव आणणं बंद केलं.

सगळ्यात घाबरले ती शाळेत एका मुलाला कांजिण्या निघाल्या तेव्हा. आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं की कांजिण्यांचा संपर्क आला तर पुरळ यायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा. केला, आणि पुढे निभावलं. जिवंत विषाणूची लस मात्र एवढ्यात नाही असं सांगितलं.

कोर्स संपून दोन महिने झाले. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी सांगते, याला स्टेरॉइड होतं, कारण वर्षभर तरी ताप-ऑपरेशनच्या वेळी ते माहीत असावं लागतं. पट्टी चालूच आहे, आज निल. शेव परत आलीय घरात, पण चिमूटभरच, डबा माझ्या कपाटात.