माहुलचं साडेबारा लाखांचं घर आणि आमचा शोध

पालिकेत नोकरी म्हटली की नातेवाइकांना वाटतं, घराचं काय, ते तिकडूनच मिळत असेल. आमच्या वॉर्ड ऑफिसात मात्र मुंबईच्या हद्दीत राहणारे शोधावे लागतात. बदलापूर, टिटवाळा, विरार, नालासोपारा. ज्यांना पहाटे चौकीवर हजेरी लावायची असते ते सफाई कामगार तेवढे ऐन शहरात, दादरच्या कासारवाडीत किंवा डोंगरीच्या वालपाखाडीत. तेही एवढ्याशा खोलीत, आणि निवृत्त झाल्यावर ती खाली करायची. मुलगा वारसा हक्काने कामाला लागला तरच छप्पर टिकतं, म्हणून कितीतरी पोरं शिकूनसुद्धा झाडू हातात घेतात. कोण कुठे राहतं ते आमच्याकडे हजेरीची वेळ ठरवते, आवडनिवड फार नंतर येते.

मी परळला करनिर्धारण खात्यात. मिस्टर पाणी खात्यात, चावीवाले. म्हणजे ठरलेल्या वेळी रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून एका भागाचं पाणी सोडायचं आणि दुसऱ्याचं बंद करायचं. त्यांची ड्युटी पूर्व उपनगरात, कधी पहाटे चारची तर कधी मध्यरात्रीची. आम्ही भाड्याने डोंबिवलीला. शेवटची लोकल गेली की हे चौकीतच बाकड्यावर पडणार. मुलगी पाचवीत गेली तेव्हा घराचा निकाल लावायचाच असं ठरलं.

पहिला विचार सेवानिवासस्थानाचा. यादीत नाव लावून वाट बघण्याला माझी हरकत नव्हती, पण हिशोब बसेना. क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता बंद, आणि दोघंही नोकरीत असतील तर एकाला घर मिळाल्यावर दुसऱ्याचाही भत्ता जातो. आमचा दोघांचा मिळून बावीस-तेवीस हजार. एवढे पैसे दर महिन्याला सोडून द्यायचे आणि निवृत्तीच्या वेळी परत सामानाचे खोके बांधायचे. तो विषय आम्ही सोडला.

म्हाडाची तर गंमतच. तिथे नवरा-बायको दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. वर्षाला १२ लाखांच्या वर गेलात की थेट उच्च उत्पन्न गट. एक चावीवाला आणि एक कारकून, आणि कागदावर आम्ही उच्च उत्पन्न गटात! त्या गटातल्या घरांच्या किमती मी वाचल्या आणि अर्जाची खिडकी बंद केली.

अशात २०२५ च्या सुरुवातीला माहुलची जाहिरात आली. प्रकल्पबाधितांसाठी बांधलेली, रिकामी पडलेली ९,०९८ घरं पालिका स्वतःच्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना सोडतीने विकणार. घर २२५ चौरस फुटांचं, किंमत १२ लाख ६० हजार. ऑफिसात दोन दिवस दुसरं बोलणंच नव्हतं. मुंबईत, चेंबूरच्या पलीकडे, या पैशात? मी पगाराच्या स्लिपच्या मागे आकडेमोड केली. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी सगळी रक्कम कर्जाने घेतली तरी हप्ता अकरा हजारांच्या आत. भत्त्यातून हप्ता जाऊन वर तेवढेच पैसे शिल्लक. कागदावर याला तोड नव्हती, आणि मी तर फॉर्मच भरायला बसले होते.

हे म्हणाले, "आधी जाऊन येऊ."

मोनोने म्हैसूर कॉलनीला उतरलो आणि रिक्षा केली. बाजूने तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या भिंती, मग एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या सात-सात मजली इमारती. दुपारी मला विशेष काही जाणवलं नाही. आम्ही मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबलो. वारा फिरला तसा वास आला, पेट्रोल पंपावर येतो तसा, पण तिथून हलायची सोय नाही असा. खाली बसलेल्या बायका म्हणाल्या, आज कमी आहे. तानसाच्या जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून ज्यांना इथे आणलं, ते प्रदूषणाची तक्रार घेऊन हायकोर्टात गेले होते. त्यांना दुसरीकडे राहायला महिना १५ हजार भाडं द्या असं कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. हे सगळं पेपरात वाचलेलं होतं, पण वाचणं वेगळं आणि सासूबाईंचा दमा डोळ्यांसमोर आणून तिथे उभं राहणं वेगळं. त्यात २२५ फुटांत चौघं. पहाटे तीनला उठणारा माणूस दिवसा झोपणार कुठे?

बाहेर बोललं गेलं की कर्मचाऱ्यांना आयतं घरही नको, नखरे फार. अर्ज थोडेच आले हे खरं. पण जी माणसं दिवसभर शहराची गटारं, पाणी आणि कचरा बघतात, ती घर बघताना आधी हवापाणीच बघणार.

मग भांडुप पश्चिम धरलं. यांना ड्युटी जवळ, मला परळपर्यंत एक धीमी लोकल. इथे मात्र दोघांची खाती कामाला आली. एजंट हॉलच्या टाइल्स दाखवायचा आणि हे विचारायचे, पाणी किती वाजता येतं, टाकी किती लिटरची. एवढं मोठं जलशुद्धीकरण केंद्र भांडुपलाच, तरी टेकडीकडच्या वस्त्यांना दाब कमी, त्यामुळे खिंडीपाड्याच्या बाजूच्या स्वस्त खोल्या यांनी पायरी न चढताच नाकारल्या. मी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेने दिलेली परवानगी (ओसी), मागायचे. "मॅडम, ओसी येतेच आहे," असं म्हणणाऱ्याकडून मी चहासुद्धा घेतला नाही. एक एसआरएतलं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं, घर फार आवडलं होतं, ऊन छान येत होतं. पण विकायची मुदत भरलेली नव्हती आणि मालक पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर व्यवहार करू म्हणत होता. त्यावर बँक कर्ज देत नाही, आणि एसआरएने उद्या पाहणी केली तर आपण कोण?

शेवटी जुन्या सोसायटीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर ठरलं, ५२ लाखांना. ओसी होती, शेअर सर्टिफिकेट होतं, थकबाकी नसल्याचा दाखला सोसायटीने दिला. ५०० चौरस फुटांच्या आत असल्यामुळे मालमत्ता कर माफ; ती बिलं माझ्याच खात्यातून निघतात, तेव्हा हे कोणी वेगळं सांगायला नको होतं.

खरी ओढाताण झाली ती नावावरून. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. जोडीला पुरुषाचं नाव घातलं की सवलत गेली. आमच्या घरावर ती ५२ हजार होत होती. कर्जाला मात्र यांचा पगार धरल्याशिवाय ४० लाख मिळत नव्हते. पहिल्या बँकेने सांगितलं, सहकर्जदार असेल तर मालकीतही नाव हवं. दुसरी तयार झाली: घर माझ्या नावावर, कर्ज दोघांच्या. सासूबाईंना हे पटायला थोडा वेळ लागला. नोंदणी फीचे ३० हजार वेगळे भरले. घर घेतल्याचं दोघांनी आपापल्या खात्यात लेखी कळवलं आणि पोच घेतली.

हप्ता साडेचौतीस हजारांच्या वर आहे. भत्ता पूर्ण जातो आणि वर बारा हजार पदरचे. माहुलच्या हिशोबाच्या बरोबर उलटं. पण मध्यरात्रीची ड्युटी संपवून हे स्कूटरवर घरी येतात, आणि रुळांवर पाणी भरून गाड्या बंद पडल्या तर मला लालबहादूर शास्त्री मार्गावरून बस तरी मिळते.

आम्ही कागद गोळा करत होतो तेव्हा माहुलच्या अर्जांची मुदत पुन्हा वाढवली होती. नुकतीच लागलेली एक मुलगी विचारायला आली, मॅडम, भरू का? एकटी आहे, पगार कमी, नालासोपाऱ्याहून येते. तिचं गणित माझ्यापेक्षा वेगळं असू शकतं. मी म्हटलं, जाऊन बघ, पण सुट्टीच्या दिवशी दुपारी नको. कामाच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर बसने जा, किती वाजता पोचतेस ते बघ, आणि तिथे तासभर बस.