ड्युटी लागली की स्टेटस काढा राव

मागच्या विधानसभेला माझी मतदान अधिकारी म्हणून ड्युटी होती, बोटाला शाई लावायचं काम. सकाळी सकाळी एक आजी आल्या, हात पुढे केला आणि हळूच विचारतात, "बाळा, कुठलं बटण दाबू?" मी म्हटलं आजी, ते मला नाही सांगता येत. पण पोटात गोळाच आला, केवढा विश्वास टाकतात लोक आपल्यावर!

म्हणूनच ट्रेनिंगला शेजारी बसलेल्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आठवून अजून राग येतो, उमेदवारासोबत फोटो आणि खाली "यंदा भाऊच". अरे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२९ वाचा ना, ड्युटीवरच्या माणसाने स्वतःचं मत देणं सोडून उमेदवाराच्या फायद्याचं काही करायचं नाही, मतदाराला वळवायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि सरकारी नोकर पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावर उमेदवाराचा माणूस म्हणून बसला तर कलम १३४अ आहेच.

अमेरिकेत २००० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्याचा निकाल प्रमाणित करणाऱ्या कॅथरिन हॅरिस स्वतःच तिथल्या बुश प्रचाराच्या सहअध्यक्ष होत्या, फरक फक्त ५३७ मतांचा, मग हरलेल्यांनी विश्वास ठेवायचा तरी कसा? आपल्याकडे निदान कायदा तरी स्पष्ट आहे, तो ट्रेनिंगमध्ये दोन मिनिटांत उरकू नका, नीट वाचून दाखवा.