पुस्तकांना चिकट कव्हर घालायचं होतं, त्याची गोष्ट

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत छोटं वाचनालय आहे, बहुतेक पुस्तकं मुलांची. गेल्या मे महिन्यात त्यांतल्या साठेक पुस्तकांना मी पारदर्शक चिकट फिल्म लावली. स्वस्त मिळाली म्हणून अख्खा रोलच घेतला होता. उघडताच नव्या रेनकोटसारखा वास आला, पण मनावर घेतलं नाही. दिवाळीपर्यंत कव्हरं बाहेरच्या बाजूला वळली. फिल्म आक्रसून कडेचा गोंद उघडा पडला आणि शेजारशेजारची पुस्तकं एकमेकांना चिकटली. सोडवायला गेले तर मुलांच्या सगळ्यात आवडत्या पुस्तकाचं मुखपृष्ठ सोलून हातात आलं. फार जिवाला लागलं ते.

यंदा आधी नीट माहिती काढली. पहिली फिल्म पीव्हीसीची होती. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. ते हळूहळू बाहेर येतं, मग फिल्म आक्रसते, चिकचिकीत होते. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकला त्याची गरज लागत नाही. गोंद अ‍ॅक्रिलिकचा, आम्लमुक्त हवा.

अप्पा बळवंत चौकात चार दुकानं फिरले. "ताई, सगळं प्लास्टिकच असतं हो," एक काका म्हणाले, पण वीतभर तुकडा मात्र प्रत्येकाने कापून दिला. घरी मागचा कागद काढला, चिकट बाजू आत ठेवून तुकडे दुमडले, हवा दाबून काढली आणि पाण्याच्या पातेल्यात बोटाने बुडवून सोडले. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, पीव्हीसी जड. दोन तुकडे तळाशी बसले, दोन वर आले. वर आलेल्यांतला एक इतका पातळ होता की लावतानाच स्वतःला चिकटायचा. दुसरा ८० मायक्रॉन जाडीचा, तोच घेतला.

लावताना सगळा कागद एकदम सोलायचा नाही. दोन बोटं सोलायचा, कापडाने दाबत पुढे जायचं, परत दोन बोटं. चारी बाजूंना तीन सेंटिमीटर जास्त ठेवायचं, कोपरे तिरके कापायचे. कण्याजवळच्या खाचेत फिल्म नखाने बसवली नाही तर पुस्तक उघडताना तिथेच ताणते. आणि हे काम पावसाळ्यात नकोच, दमट कव्हरावर बुडबुडे हमखास येतात.

एका आजोबांनी दिलेल्या जुन्या बांधीव अंकांना मात्र मी कुठलीच चिकट फिल्म लावली नाही. ती पुन्हा निघत नाही, निघाली तर कागद घेऊन निघते. त्यांना पॉलिस्टरच्या पारदर्शक शीटचं नुसतं दुमडून घातलेलं जॅकेट केलंय. गेल्या वर्षीच्या साठांचीही फिल्म ओढून काढायची हिंमत केली नाही. सध्या दर दोन पुस्तकांमध्ये बटर पेपर सरकवून ठेवलाय.