फिलाडेल्फिया की बाल्टिमोर

२ एप्रिल, गुरुवार

कराडहून आईचा फोन. "ऋताचा मेडिकलला नंबर लागला म्हणे?"

वन्संनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आमची ऋता डॉक्टर होणार' असं टाकून खाली पेढ्यांची चित्रं लावली होती, त्याचा हा परिणाम. आईला समजावून सांगितलं. तुझ्या नातीला इथे अमेरिकेत आधी चार वर्षांची साधी पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज, मग मुलाखती, आणि त्यातून कोणी घेतलंच तर मेडिकलची चार वर्षं.

"म्हणजे नंबर लागला नाही अजून."

"नाही."

"मग पेढे कशाचे?"

खरंच कशाचे? भाच्याने 'नीट' ही प्रवेशपरीक्षा दिली, ७२० पैकी काय ते मार्क पडले, रँक आली, सीईटी सेलच्या फेऱ्या झाल्या आणि तो मिरजेच्या सरकारी कॉलेजात एमबीबीएसला जाऊन बसला. त्या परीक्षेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण सतराव्या-अठराव्या वर्षी एकदाचा निकाल तरी लागतो. इथे अठराव्या वर्षी फक्त कुठल्या रांगेत उभं राहायचं ते ठरवायचं. ऋताच्या हातात दोन रांगा आहेत. एक फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया, म्हणजे पेन, दुसरी बाल्टिमोरची जॉन्स हॉपकिन्स. १ मेपर्यंत एकीला होकार आणि एकीला नकार कळवायचा आहे. दोन्हीकडून बोलावणं आलं म्हणून घरात आनंद आहे, आणि त्याच कारणाने सगळ्यांची चिडचिडही चालली आहे.

५ एप्रिल, रविवार

माझ्या नवऱ्याने, सचिनने एक्सेल उघडलं. दोन्हीकडचा छापील खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपास. मदत वजा जाता हॉपकिन्स आम्हाला वर्षाला चार हजारांनी स्वस्त पडतंय. मायकेल ब्लूमबर्गने २०१८ साली तिथल्या पदवीच्या मुलांच्या आर्थिक मदतीसाठी १.८ अब्ज डॉलर दिले. त्यातले आमच्या वाट्याला काय आले असतील ते आले असतील. सचिनने हॉपकिन्सचं पत्र पेनला पाठवून 'बघा काही जमतंय का' असं नम्रपणे विचारलं आहे. मंडईत घासाघीस करायला लाजणारा माणूस इथे बिनदिक्कत करतो.

पण माझ्या डोक्यात नंतरचा खर्च आहे. मेडिकल स्कूलचा. आजवर मुलं सरकारी कर्जातून तो पूर्ण भागवू शकत होती. १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज नव्या विद्यार्थ्यांना मिळणार नाही. डॉक्टरकीसारख्या शिक्षणाला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. बऱ्याच खाजगी मेडिकल स्कूलांची चार वर्षांची नुसती फीच त्याच्या वर जाते. वरचे पैसे खाजगी बँकेकडून, नाहीतर आईबापांकडून. म्हणजे आता पदवीला खर्च केलेला प्रत्येक डॉलर पुढे कमी पडणार आहे.

सचिन म्हणाला, "अगं, पण हॉपकिन्सचं मेडिकल आता फुकट आहे." ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना तिथे २०२४ पासून फी नाही, हे खरं. ब्रॉन्क्समधलं आइनस्टाइन मेडिकल कॉलेजही त्याच वर्षी फीमुक्त झालं, आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं २०१८ पासूनच आहे. पण हॉपकिन्समधून पदवी घेतली म्हणजे हॉपकिन्सच्या मेडिकलमध्ये पाय ठेवला, असं काही नसतं. त्याला वाटत होतं खालचा मजला मिळाला की वरचाही मिळतो. तो इंजिनिअर आहे, त्याला जिने सरळ वर जाणारे आवडतात.

११ एप्रिल, शनिवार

फिलाडेल्फिया. न्यू जर्सी ट्रान्झिटने ट्रेंटन, तिथून सेप्टाची गाडी, थर्टीथ स्ट्रीटला उतरून चालत. माझं मन अर्धं तिथेच वळलं. मुलीला ताप आला तर दुपारच्या गाडीने डबा घेऊन जाता येईल, एवढं जवळ.

पेनच्या आवारातल्या लोकस्ट वॉकवर मुलांचे थवे, गाणाऱ्यांचे ग्रुप, कागद वाटणारे. आणि कॅम्पसला लागूनच इस्पितळ. वर्गातून निघून दहाएक मिनिटांत वॉर्डात. १८७४ साली विद्यापीठाने स्वतःच्या मेडिकल स्कूलसाठी बांधलेलं ते, देशातलं असं पहिलं. शेजारी मुलांचं मोठं इस्पितळ. मेडिकल स्कूल तर १७६५ चं, तेव्हा हा देशसुद्धा नव्हता. प्री-मेडच्या, म्हणजे पुढे मेडिकलला जायची तयारी करणाऱ्या मुलांना व्हॉलंटियरिंग, शॅडोइंग म्हणजे डॉक्टरांच्या मागे फिरून काम बघणं, आणि रिसर्च या तिन्ही गोष्टी अर्जावर दाखवाव्या लागतात. त्या सगळ्या चपला घालून जाण्याच्या अंतरावर.

सचिनला आनंदीबाई जोशींचा उमाळा आला. "याच गावात, १८८६ साली!" ऋता म्हणाली, "बाबा, ते वेगळं कॉलेज होतं. विमेन्स मेडिकल कॉलेज. इथे तेव्हा बायकांना मेडिकलला घेतच नव्हते, म्हणून तर ते वेगळं होतं." तो गप्प झाला, पण गाडीत बसल्यावर पुन्हा सुरू. कल्याणची पोर, एकविसाव्या वर्षी एम.डी., वर्षभरात पुण्यात जाऊन गेली. मलाही गलबलतं, नाही असं नाही. पण अठरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर हे ठेवू नये असं मला वाटतं. तिला रसायनशास्त्राची भीती आहे, तीच पुरेशी आहे.

दिवसभरात खटकलं ते एकच. ज्या तीन-चार मुलांशी बोललो त्यांतले दोघे प्री-मेड म्हणून आले होते आणि आता कन्सल्टिंगच्या इंटर्नशिपला चालले होते. हसतमुख, चुणचुणीत, चांगल्या इस्त्रीचे शर्ट. मला ते काही वाईट वाटलं नाही. ऋता मात्र परतीच्या प्रवासात बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

१८ एप्रिल, शनिवार

मेट्रोपार्कहून ॲमट्रॅक. गंमत म्हणजे बाल्टिमोरच्या स्टेशनचं नाव पेन स्टेशन. सचिन म्हणाला, "हा शुभशकुन की अपशकुन?"

हॉपकिन्सचा होमवुड परिसर विटांचा, शांत, हिरवळीचा. पण तिथे इस्पितळ नाही. मेडिकलचं सगळं जग तिथून तीनेक मैलांवर पूर्व बाल्टिमोरमध्ये, मध्ये शटल बस. माझ्या हिशेबाच्या वहीत हे उणे म्हणून लिहिलं होतं. ज्या मुलीचा सकाळी डोळा उघडत नाही ती शटल धरणार?

आम्ही शटलनेच तिकडे गेलो. इस्पितळाच्या जुन्या इमारतीचा घुमट, आत येशूचा भला मोठा संगमरवरी पुतळा, पायाशी लोकांनी ठेवलेल्या चिठ्ठ्या आणि फुलं. शेजारून गळ्यात बॅज घातलेली माणसं कॉफीचे पेले घेऊन भराभर चाललेली.

इथे मी जरा माझ्याबद्दल लिहिते. मी लॅबमधली बाई. मिरजेत डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा केला, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, आणि आता रात्रपाळीला रक्ताच्या नळ्या, सेंट्रिफ्यूज आणि फोनवरून ओरडणारे डॉक्टर. 'सॅम्पल हिमोलाइज झालंय, पुन्हा पाठवा' हे माझं जन्माचं वाक्य. आमच्याकडे ल्युपससारख्या, शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारांसाठी एएनए तपासणी होते. रुग्णाचा सीरम एका काचपट्टीवरच्या पेशींवर टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक बघायची. त्या पेशींना हेप-२ म्हणतात. स्वरयंत्राच्या कर्करोगातून घेतलेल्या, असं आधी मानलं जायचं. मग तपासात निघालं की त्या मुळात हीला पेशी आहेत, कुठल्याशा प्रयोगशाळेत मिसळल्या गेलेल्या. आणि हीला म्हणजे हेन्रिएटा लॅक्स. १९५१ साली याच इस्पितळात उपचाराला आलेली काळी बाई, तिला न सांगता घेतलेल्या पेशी, त्याच वर्षी एकतिसाव्या वर्षी तिचा मृत्यू. म्हणजे इतकी वर्षं मी रोज रात्री त्याच बाईच्या पेशींकडे बघत आलेय. हे माहीत होतं मला, कोर्समध्ये वाचलं होतं. पण त्या रस्त्यावर उभं राहून आठवलं तेव्हा ते वेगळं होतं.

आणि व्हिव्हियन थॉमस. लॅबवाल्यांचा तो आमचा माणूस. सुतारकाम केलेला, कॉलेजची पायरी न चढलेला. सर्जन डॉ. ब्लेलॉकनी त्याला बरोबर इथे आणलं. त्याआधी कागदोपत्री त्याचा हुद्दा झाडूवाल्याचा. निळ्या पडणाऱ्या बाळांच्या हृदयाची शस्त्रक्रिया त्याने कुत्र्यांवर करून करून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ ला पहिलं बाळ टेबलावर होतं तेव्हा तो ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर उभा राहून सांगत होता, असं नाही तसं. १९७६ साली विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. आता त्याचं तैलचित्र लावलेलं आहे.

पेनचंही तेच. संशोधक कॅटलिन कारिको, पुढे कोविडच्या लशींना कामी आलेलं ते एमआरएनए-एमआरएनए करत बसली म्हणून १९९५ मध्ये तिला खालच्या पदावर ढकललं, २०२३ मध्ये नोबेल मिळालं. मी ऋताला म्हटलं, दोन्हीकडे ज्यांचे फोटो दाखवतायत त्यांना आधी कुठे बसवलं होतं तेही विचार. "आई, तू माहितीपत्रक लिहू नकोस कधी," ती म्हणाली.

सचिनला मी सांगितलं की हॉपकिन्सच्या मेडिकलने १८९३ मध्ये पहिल्या वर्गापासून बायका घेतल्या. आनंदीबाईंनंतर फक्त सात वर्षांनी. उदारपणे नव्हे हं. इमारत उभी राहिली आणि मेडिकल सुरू करायला पैसे संपले. मेरी गॅरेट आणि तिच्या मैत्रिणींनी अट घातली, पैसे हवेत तर मुलींना मुलांच्या बरोबरीने घ्या. बाई पैसेवाली असली की तत्त्वं लवकर पटतात.

२२ एप्रिल, बुधवार

दोन्हीकडच्या ओळखीच्यांशी आणि त्यांच्या मुलांशी फोन झाले. प्रत्येक जण एक टक्केवारी सांगतो. 'आमच्याकडच्या अमुक टक्के मुलांना मेडिकल मिळतं.' मी विचारते, कशाचे टक्के? तर म्हणे अर्ज केलेल्यांचे. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणवणारी किती, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत गळाली किती, सल्लागाराने 'यंदा थांब' म्हटलं म्हणून थांबली किती, ती कुठेच नाहीत. नाकारलेली सॅम्पल्स वगळून आम्ही अहवाल दिला तर आमची लॅबसुद्धा निर्दोष ठरेल.

देशभरचं चित्र मात्र उघड आहे. वर्षाला पन्नास हजारांच्या वर अर्जदार, त्यातल्या निम्म्याहून कमी जणांना कुठेतरी जागा. एमकॅट ५२८ पैकी, आणि आत गेलेल्यांची सरासरी ५११ च्या पुढे. सायन्सचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा मोजतात, त्यामुळे इतरांच्या तुलनेत ग्रेड ठरवणाऱ्या कर्व्हवर एक सी पडला तर तो नृत्याच्या ए ने झाकता येत नाही. बहुतेक मुलं आता पदवीनंतर एक-दोन वर्षं थांबून अर्ज करतात.

म्हणून माझं मत असं होत चाललंय की कुठून डॉक्टर होता येईल हा प्रश्नच बाद करावा. दोन्हीकडून होता येतं. डॉक्टर न होता कुठून बरं बाहेर पडता येईल, ते बघावं. आणि इथे पेन मला वरचढ दिसतं. तिथे सगळ्या तऱ्हेची मुलं आहेत, प्री-मेड सोडणारा एकटा पडत नाही. हॉपकिन्समध्ये जो तो प्री-मेड. सगळं मांडून ऋताला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "हं," एवढंच म्हणाली.

२६ एप्रिल, रविवार

भाजी आणायला ओक ट्री रोडला गेलो तेव्हा गाडीत बोलली. मी गाडी चालवत असले की ती बोलते, समोरासमोर नाही.

"आई, तुझा प्रश्न बरोबर आहे. उत्तर उलटं आहे. पेनमध्ये मी प्री-मेड सोडलं तर पुढे कुठे जाईन ते मला माहितीये. आपण भेटलो होतो त्यांना. मला तसली इस्त्री जमेल, म्हणूनच भीती वाटते. सगळे जातात म्हणून मीही जाईन, आणि तुम्ही दोघं खूश व्हाल."

मी इंडिकेटर द्यायचा विसरले. मागच्याने हॉर्न वाजवला.

ती पुढे म्हणाली की हॉपकिन्समध्ये ती पब्लिक हेल्थ घेणार आहे. तिथलं सार्वजनिक आरोग्याचं स्कूल १९१६ चं, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षी तिथले वर्ग घेता येतात. डॉक्टर झाली तर उपयोगी, नाही झाली तरी ते तिचं स्वतःचं काम असेल, उरलेलं नाही. "आणि शटल?" मी विचारलं. म्हणाली, "तू रात्रपाळीला बर्फातून चाळीस मिनिटं गाडी चालवतेस."

मला पटलं का? पूर्ण नाही. प्रत्येक जण प्री-मेड असलेल्या इमारतीत पहिल्या चाचणीत पंचावन्न पडल्यावर काय वाटतं, हे तिला अजून माहीत नाही. मलाही नाही म्हणा. पण तिने मी कल्पिलेल्यापेक्षा जास्त पुढचा विचार केला होता, आणि त्यात आमचं खूश होणं एक धोका म्हणून मोजलं होतं. त्यावर मला काही बोलता आलं नाही. मेथी घेतली, कोथिंबीर विसरलो.

२९ एप्रिल, बुधवार

पेनचं उत्तर आलं. त्यांनी रक्कम वाढवली, फरक जवळजवळ मिटला. सचिन तासभर अस्वस्थ. मग ऋताच्या खोलीत जाऊन आला आणि हॉपकिन्सच्या पोर्टलवर कार्डाचे आकडे भरले. पेनला नकार कळवायच्या पानावर 'कारण निवडा' अशी यादी होती. तो म्हणाला, अंतर लिही. ती म्हणाली, जवळचं तर तेच आहे. शेवटी तिने 'अन्य' निवडलं.

रात्री कराडला फोन लावला. आईने विचारलं, एकूण किती वर्षं? मी मोजून सांगितलं. चार पदवीची, एखाद-दुसरं मधलं, चार मेडिकलची, पुढे रेसिडेन्सीची निदान तीन. आईने तिकडे बोटांवर मोजलं असणार, कारण थोड्या वेळाने म्हणाली, "तिशी उलटते की गं. आणि मध्येच नको वाटलं तर?"

"तर पब्लिक हेल्थ."

"म्हणजे आपल्या आरोग्य खात्यासारखं? साथीचे रोग, पाणी तपासणं वगैरे?"

"तसंच काहीसं."

"मग ते आधी सांगायचं ना. ते चांगलं काम आहे," आई म्हणाली, आणि वन्संचा नंबर मागितला, पेढ्यांचं काय ते त्यांच्याशी बोलायला.