पवित्र गुरुवारी पाळक कुठे होते?

हा प्रश्न मंडळीच्या समितीत विचारला गेला, आणि तो विचारणं रास्तच होतं. पवित्र गुरुवारची संध्याकाळ, येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून उपासनेत पाय धुण्याचा विधी, आणि चर्चच्या पाळकांचा, म्हणजे माझा, पत्ता नाही. बैठकीत मी उत्तर दिलं. ते मला स्वतःलाच अपुरं वाटत राहिलं, म्हणून इथे लिहितोय.

पवित्र सप्ताहातलं पाळकाचं काम लोकांना प्रवचनांतून दिसतं. पण निम्मा वेळ याद्यांत जातो. कुठलं वाचन कोण करणार, गायकवृंद कधी उभा राहणार, प्रभुभोजनाची तयारी कोणाकडे. गुरुवारी ज्यांचे पाय धुवायचे त्या बारा जणांची नावं आधीच घ्यावी लागतात. सगळे घरून पाय स्वच्छ धुऊन येतात. त्यांना दोष नाही. चारचौघांत मळके पाय पुढे करायला कोणालाही संकोच वाटतो.

त्या दुपारी फोन आला तो जुन्या सभासद-यादीतल्या एका बाईंचा. कैक वर्षांत त्या उपासनेला आलेल्या नव्हत्या. त्यांच्या यजमानांना जुना मधुमेह, त्यात अर्धांगवायूने डावी बाजू गेलेली. त्यांना सांभाळणारी बाई आली नव्हती. "पाळकसाहेब, मला एकटीला यांना वळवता येत नाही. सकाळपासून तसेच ओल्यात पडलेत." मागणं एवढंच होतं, आणखी दोन हात.

मी आमच्या डीकनबाईंना, म्हणजे मंडळीत सेवेचं काम पाहणाऱ्या बाईंना, बरोबर घेतलं. त्या निवृत्त परिचारिका आहेत, आणि अशा घरांत मला जे काही जमतं ते त्यांच्या हाताखाली शिकलेलं आहे. सेमिनरीत ग्रीक शिकवलं, प्रवचनशास्त्र शिकवलं. माणसाला पलंगावरून न उठवता त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलायची, हे कोणी शिकवलं नाही. पाळकाच्या शिक्षणातली ही उणीव मला अजून खटकते.

त्याची पद्धत सांगतो. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे ठेवून माणसाला कुशीवर घ्यायचं. लुळा हात धरून कधीच ओढायचा नाही, खांदा निखळू शकतो. ओली चादर लांबीने गुंडाळत त्याच्या पाठीशी न्यायची, तिला लागूनच नवी अर्धी गुंडाळलेली ठेवायची, मग त्या गुंडाळ्यांवरून त्याला अलगद दुसऱ्या कुशीवर घ्यायचं, जुनी काढून घ्यायची आणि नवी सरळ करायची. कुशीवर असतानाच पाठ पाहून घ्यायची: माकडहाड, खुबे, टाचा. कातडी लाल दिसली तर बोटाने दाबायची. दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. लालच राहिली तर दाबाची जखम सुरू झाली. तिथे चोळायचं नाही. प्रेमापोटी घरची माणसं नेमकं तिथेच तेल चोळतात आणि जखम वाढवतात.

मग पाय. मधुमेही पाय पाण्यात बुडवून ठेवायचे नसतात. संवेदना गेलेल्या पायाला पाण्याचा चटका कळत नाही, म्हणून पाणी आपण आपल्या कोपराने पाहायचं. मऊ फडक्याने पुसून घ्यायचं, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, मलम लावलंच तर बेचक्यांत नाही. पोटऱ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत.

मी पायांना हात लावला तेव्हा काकांनी चांगल्या हाताने माझा हात दूर लोटला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू पाय धुवायला येतो तेव्हा त्याचा शिष्य पेत्र हेच करतो. प्रवचनांत त्याचा हट्टीपणा सांगितला जातो; मला त्यात लाज दिसते. आपली घाण दुसऱ्याने काढावी, तीही गुरूने, हे सोसायला फार बळ लागतं. "काका, थांबू का?" मी विचारलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांचा हात मागे गेला, तेव्हा मी पुढे सुरुवात केली.

डाव्या टाचेवर काळपट चट्टा होता. डीकनबाईंनी तो हलकेच झाकला आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर येईपर्यंत निघणं शक्य नव्हतं. मी एका वडीलजनांना फोन करून सांगितलं, ठरलेली वाचनं घ्या, विधी तुम्ही पार पाडा. त्यांनी तो उत्तम पार पाडला, असं सगळे सांगतात.

निघताना मी बाईंना विचारलं, "प्रार्थना करू का?" त्या म्हणाल्या, "आज नको, पाळकसाहेब." मी कारण विचारलं नाही.

समितीत खरी चर्चा झाली ती यावर. आमच्याकडे घरभेटींची एक वही असते: तारीख, घर, कारण, आणि शेवटी एक रकाना, "प्रार्थना केली का". त्या भेटीपुढे मी "नाही" लिहिलं होतं. एका ज्येष्ठ सभासदांनी बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढला. देवाचं वचन सोडून पंक्तिसेवा, म्हणजे जेवण वाढण्याचं काम, करणं योग्य नाही, असं प्रेषितांनीच म्हटलंय. "परिचारिकेपेक्षा वेगळं काय केलंत? साधी प्रार्थनाही नाही."

ते गृहस्थ मंडळीवर मनापासून प्रेम करणारे आहेत, आणि त्यांचा प्रश्न मी टाळणार नाही. पण तो अध्याय पुढेही वाचावा लागतो. ग्रीकभाषी विधवांची रोजच्या वाटपात हेळसांड होत होती, आणि त्यासाठी सात जण निवडताना ते आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावेत अशी अट घातली गेली. प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. त्या सातांतला स्तेफन मंडळीचा पहिला हुतात्मा झाला, आणि त्या ग्रंथातलं सर्वांत लांब भाषण त्याचं आहे. त्यांच्यातल्याच फिलिप्पाने शोमरोनात ख्रिस्त गाजवला. वाढप्यांची निवड करताना मंडळीने आपली दुय्यम माणसं पुढे केली नव्हती.

आणि योहान? शेवटच्या भोजनाच्या वृत्तांतात इतर तीन शुभवर्तमानं भाकर आणि प्याल्याबद्दल सांगतात. योहान त्या रात्रीचं सांगतो ते कमरेला रुमाल बांधलेल्या प्रभूबद्दल. लूकच्या वृत्तांतात तर त्याच मेजावर शिष्यांचा वाद चालला होता, आपल्यात मोठा कोण.

परिचारिकेचं काम परिचारिकेवर सोडावं, हे मला पटत नाही. फादर डेमियन १८७३ साली हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत गेले, तेव्हा ते धर्मगुरूच होते. मिस्सा अर्पण करणाऱ्या त्याच हातांनी त्यांनी जखमा बांधल्या, शवपेट्या ठोकल्या, कबरी खणल्या. १८८९ साली ते त्याच रोगाने गेले. त्यांच्या दिवसाचे पाळकीय आणि बाकीचे असे दोन भाग कसे करायचे?

प्रार्थनेबद्दल मी बैठकीत मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचला. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. न्यायाच्या वेळी राजाने विचारलं ते यांच्याबद्दलच. त्याने उजवीकडे घेतलेल्या, पसंत ठरलेल्या लोकांना तर आपण कोणाची सेवा केली हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी कुठल्या वहीत काही नोंदलं नव्हतं. आजाऱ्यावर मंडळीच्या वडीलजनांनी प्रार्थना करावी असं याकोब आपल्या पत्रात सांगतो, आणि तिथल्या आजारी माणसाने त्यांना बोलावलेलं असतं. न बोलावता केलेली प्रार्थना सेवेची किंमत वसूल करू लागते. मदत केली, आता ऐकून घ्या. दमलेल्या त्या बाईंनी ते ओळखलं असतं.

मला सलतं ते दुसरंच. आमच्याकडे फुलांची पाळी ठरलेली आहे, गायकवृंदाची आहे, दाराशी स्वागताला उभं राहण्याची आहे. अंथरुणावरच्या माणसाला वळवायची पाळी कोणाचीच नाही. ती बाई एकटी पडली हे आम्हाला फोन आल्यावर कळलं, आणि फोन करायलाही तिला फार धीर गोळा करावा लागला असणार.

डीकनबाईंनी आता उपासनेनंतर वळवण्याचं आणि जखम ओळखण्याचं शिक्षण सुरू केलंय. येतात त्या बहुतेक आधीच घरी कोणाला तरी सांभाळणाऱ्या बाया. समितीतलं कोणी अजून आलेलं नाही. काकांची टाच डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे, आणि त्यांच्या घरी आता पाळीने दोघे जण जातात. बाईंनी प्रार्थनेचा विषय काढलेला नाही, मीही विचारलेलं नाही. वहीतला तो रकाना काढून त्या जागी "पुन्हा कधी जायचं" असा घ्यावा, असं पत्र मी समितीला दिलंय. विषय पुढच्या बैठकीवर ढकललाय.