वीस पानांचा बुधवार

अमेरिकेत नवे कॉमिक अंक बुधवारी विक्रीला येतात, आणि मुलुंडला राहणाऱ्या माणसाने त्याची दखल घेण्याचे वरकरणी काहीच कारण नाही. तरीही गेली काही वर्षे माझा आठवडा सोमवारी सुरू न होता बुधवारी सुरू होतो. एका लहानशा मासिकासाठी मी नव्या अंकांची परीक्षणे लिहितो. महिन्याला आठ-दहा अंक, प्रत्येकी दोनशे शब्द, आणि मानधन असे की त्यात पुढच्या महिन्याचे अंकसुद्धा येऊ नयेत. टेबलावर तीन गठ्ठे असतात. सुपरहिरोंचा सर्वांत उंच, भयकथांचा मध्यम आणि गुन्हेकथांचा कायम सडपातळ. आईला हा सगळा व्यवहार चमत्कारिक वाटतो. "अरे, गोष्ट अजून संपलेली नाही, आणि तू तिच्यावर मत कसलं देतोस?" असे तिने एकदा विचारले, आणि या प्रश्नाचे धड उत्तर मला आजवर देता आलेले नाही.

प्रश्न रास्तच आहे. एका अंकात कथेची पाने जेमतेम वीस-बावीस, बाकीच्या जाहिराती. किंमत चार ते पाच डॉलर, म्हणजे टपालखर्च धरला नाही तरी महागड्या अंकाला चारशे रुपयांच्या वर, आणि एवढे मोजून शेवटच्या चौकटीत हाती पडते ते 'पुढील अंकी'. मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांसाठी महिनाभर वाट पाहणाऱ्या पिढीतल्या आईने मला हे ऐकवावे, यात थोडा अन्याय आहे; पण तिने त्या प्रकरणांवर कधी गुण दिले नव्हते, हेही खरे. मी देतो. सगळी ताटे वाढून होण्याआधीच पहिल्या घासावर आचाऱ्याला बोलावून घेणाऱ्या वऱ्हाड्यासारखी माझी अवस्था असते.

सुपरहिरोंच्या अंकांवर माझा राग सर्वांत जुना आहे. 1938 साली सुपरमॅन प्रथम छापला गेला तेव्हा अंकाची किंमत 10 सेंट होती, त्याची कथा 13 पानांची होती, आणि त्याचा जन्म, ग्रहाचा नाश, पृथ्वीवरचे बालपण, अंगातली शक्ती हे सारे पहिल्या एका पानात उरकले होते. आज तेवढ्याच मजकुराला सहा अंक लागतात. त्यामागचा हिशेब उघड आहे. पाच-सहा अंक पुढे एका जाड पुस्तकात बांधून विकायचे असतात, म्हणून कथा त्या पुस्तकाच्या मापाने बेतली जाते आणि सुट्या अंकाच्या वाट्याला कधी नुसते गच्चीवरचे संभाषण येते. गेल्या महिन्यातल्या एका अंकात नायक सहा पाने पावसात उभा राहून आपल्या कर्तव्याविषयी विचार करत होता. पाऊस उत्तम काढला होता, हे मी परीक्षणात आवर्जून लिहिले. जुलैत ठाण्याहून दादरपर्यंत लोकलच्या दारात लटकून प्रवास केलेल्या माणसाला पावसाची पारख असते. पण वीस पानांत एकही गोष्ट बदलली नाही, हेही लिहिले. या प्रकारच्या कथा कधीच संपत नाहीत, मेलेला माणूस दोन वर्षांत परत येतो, त्यामुळे शेवटाची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. एका अंकात कोणाला तरी एक निर्णय घ्यावा लागला का, एवढेच मी पाहतो.

हा गठ्ठा सर्वांत उंच का, याला मात्र इतिहास आहे. 1950च्या सुमारास अमेरिकेत भयकथांचे आणि गुन्हेकथांचे अंक धडाक्याने खपत होते. मुले त्यांनी बिघडतात अशी ओरड झाली, 1954 साली सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या, आणि सरकारने काही करण्याआधी प्रकाशकांनीच स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. अंकाच्या नावात 'हॉरर' किंवा 'टेरर' हा शब्द नको, पोलीस आणि न्यायाधीश यांच्याविषयी अनादर वाटेल असे चित्रण नको, आणि प्रत्येक वेळी सत्याचा विजय होऊन गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. संहितेचा छोटा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर विक्रेते अंक मांडायला राजी नसत. टेबलावरच्या तीन गठ्ठ्यांपैकी दोन त्या वर्षी कोणीतरी उचलून रद्दीत टाकावे, तसे झाले. चड्डी घालून उडणारे तेवढे निष्पाप ठरले. 1971 साली पिशाच्चांना आणि लांडगामानवांना सशर्त परवानगी मिळाली, आणि शेवटच्या दोन प्रकाशकांनी हा शिक्का सोडला तो थेट 2011 साली.

आपल्याकडे अशी वाटणी नव्हती. किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे मी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स पालथी घालायचो, तेव्हा मराठीतल्या त्या जांभळ्या, मुखवटाधारी नायकाचे नाव वेताळ होते. 1936 साली अमेरिकी वर्तमानपत्रात जन्मलेल्या या वीराचे बारसे आपण भुतांच्या राजाच्या नावाने केले आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्ट्या कापून-जोडून ते अंक तयार होत, त्यामुळे एखादी चौकट मध्येच गायब असे, आणि वेताळ दारातून थेट जंगलात कसा पोहोचला ते आपले आपण जुळवून घ्यावे लागे. चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत वाचकाने स्वतः काम करायचे असते, हे मी तिथे काहीही न कळता शिकलो.

भयकथांच्या बाबतीत मात्र मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. छापील अंक मुंबईत यायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून मी बरेचसे अंक फोनवर वाचतो. तसाच एक अंक मी संध्याकाळच्या गाडीत, भांडुपच्या आसपास, एका हाताने कडी धरून वाचला. पडद्यावर एक चौकट येते, अंगठा सरकवला की दुसरी येते. एक बाई जुन्या घरात रात्री आवाज ऐकून उठते, जिना उतरते, माजघराच्या दाराशी येते, कडीवर हात ठेवते, दार उघडते. आत जे होते ते पुढच्या चौकटीत आले, आणि मी ते शेजारच्या माणसाच्या खांद्यावरून येणारी जाहिरात पाहावी तसे पाहिले. परीक्षणात मी लिहिले की चित्रकाराला भीती साधलेली नाही, आणि दहापैकी चार गुण देऊन मोकळा झालो.

पाच आठवड्यांनी छापील प्रत आली. नियमाप्रमाणे मी ती पिशवीत पुठ्ठ्यासह घालणार, तेवढ्यात सहज उघडली. कडीवरचा हात तेराव्या पानावर, उजव्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्यात होता, म्हणजे पान उलटताना माझे बोट जिथे टेकते बरोबर तिथेच. दार उघडायचे तर पान मलाच उलटावे लागणार होते. चौदाव्या पानावर एकच चित्र होते, कडेपर्यंत पसरलेले, पांढरी फट कुठेही नाही. फोनवर ते चित्र इतर चौकटींएवढेच झाले होते, आणि दार उघडण्याचे काम त्या बाईने एकटीने केले होते. भयकथा लिहिणारी मंडळी डाव्या-उजव्या पानांचा हिशेब मांडून बसतात आणि मध्ये एखादी जाहिरात घुसली की तो सगळा कोसळतो, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. पुढच्या महिन्यात मी चूक कबूल करणारे चार ओळींचे टिपण दिले. संपादकांनी ते जागेअभावी दोन ओळींचे केले.

गुन्हेकथांचा गठ्ठा सडपातळ असला तरी माझा सर्वांत जास्त वेळ तोच खातो. त्या जुन्या संहितेत जे जे निषिद्ध होते, त्यावरच हा प्रकार आज उभा आहे. लाचखाऊ पोलीस, सुटलेला खुनी, आणि शिक्षा झालीच तर ती चुकीच्या माणसाला. परवाच्या एका अंकात एका पानावर तीन ओळींत नऊ सारख्या चौकटी होत्या आणि संवादाचा एकही फुगा नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक माणूस नोटा मोजतो आहे. दुसऱ्या चौकटीत तो अंगठा ओला करतो, चौथीत पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतो, सहावीत खिडकीकडे पाहतो. आठवीत गड्डीला रबर लावलेले आहे. नववीत टेबल आहे, गड्डी आहे, खुर्ची रिकामी आहे. तो पळाला, की त्याला कोणी उचलले, की उगाच पाणी प्यायला उठला, हे आठवी आणि नववी यांच्यातल्या त्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत घडून गेले होते. मी त्या पानावर गाडीची तीन स्थानके काढली. दोनशे शब्दांतले दीडशे मी त्या एका पानावर खर्च केले, आणि ते परीक्षण मला आवडते.

आमच्या घरात या अंकांचा खरा शत्रू हवा आहे. गुळगुळीत कागदाला पावसाळ्यात लाटा येतात, पाठीवरच्या दोन पिना गंजतात आणि मधल्या पानांवर तांबूस ठिपका उमटतो. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या दमटपणा शोषणाऱ्या पुड्या आई माझ्यासाठी जमवून ठेवते. परवा त्याच पुड्या खोक्यात घालताना तो भयकथेचा अंक तिच्या हाती लागला. बाहेर संततधार, दुपारी चारलाच अंधारलेले, आणि ती खिडकीशी चश्मा वर सारून नुसती चित्रे पाहत होती. इंग्रजी फुगे तिने सोडून दिले होते. जिना उतरून झाला. दाराशी आल्यावर तिचे बोट तेराव्या पानाच्या कोपऱ्यात थांबले, ते हलेना. मग तिने अंक तसाच उघडा माझ्यापुढे धरला.

"हे तूच उलट," ती म्हणाली.